पिशवीतली लाखोली

विठ्ठल विठ्ठल! पेटीवाले, सूर जरा चढवा — हां, आता जमलं. आख्यानाला उभं राहायचं म्हणजे सूर पायाशी नको, खांद्याशी हवा!

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, आणि तुम्ही रीतीप्रमाणे माझ्या कपाळी बुक्का लावलात, गळ्यात हार घातलात. केवढा हार हो! निशिगंध, झेंडू, मधेमधे गुलाब... आणि हे काय चमचमतंय? जरी! प्लास्टिकची! असू दे, असू दे, ज्यांनी आणला त्यांनी मान खाली घालू नये. त्यांचं मन मोठं आहे. पण मला तुम्हाला एकच विचारायचंय. हा हार उद्या सकाळी कुठं जाणार?

त्या तिसऱ्या रांगेतल्या काकू हसतायत. 'हे काय विचारणं झालं? निर्माल्यात जाणार!' बरोबर. निर्माल्य कुठं जाणार? 'नदीत.' तेही बरोबर. आणि नदीपर्यंत कशातून जाणार?

आता कुणी बोलेना!

मंडळी, देवाला फूल वाहिलं, हात जोडले, डोळे मिटले — आपण समजतो, झालं. पोचलं. पण वाहिलेलं फूल खरंच पोचतं का? आणि नाही पोचलं, तर ती चूक देवाची, नदीची, की फुलाची? आजचा प्रश्न हा. आणि याचं उत्तर मला पोथीत नाही सापडलं. ते सापडलं एका इमारतीच्या मागच्या अंगणात, निळ्या पिंपात! हसा, हसा. पिंपापर्यंत पोचेस्तोवर हसून घ्या.

तांबी नदीच्या काठी सोनवडे नावाचं गाव. गावात 'स्वानंद' नावाची बिल्डिंग. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. पुढच्या फाटकाशी बदामाचं झाड, मागच्या अंगणात प्राजक्त. दुसऱ्या मजल्यावर राहायची केतकी. बी.एस्सी. झालेली, सत्तावीस वर्षांची, आणि एका मुलीची आई. मुलीचं नाव रेवा. ही रेवा सातव्या महिन्यातच जन्माला आली. एवढीशी! तळहातावर मावेल एवढी! बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. बाहेरून आई काचेला हात लावून उभी. आत पोर, बाहेर आई, मधे काच... ज्या बाईनं हे बावीस दिवस काढले, तिच्या काळजीला पुन्हा कुणी हसू नये.

तरी लोक हसायचेच! कारण केतकीची काळजी होतीच तशी. बाळ झोपलं की आईनं झोपावं, असं सगळे सांगतात. केतकी झोपायची नाही. ती आपलं बोट बाळाच्या नाकाखाली धरायची. श्वास लागला बोटाला? लागला. बरं. दहा मिनिटांनी पुन्हा बोट! नवरा श्रीरंग म्हणायचा, "अगं, तिला शिंक येईल तुझ्या बोटानं!" पण बोट काही हटायचं नाही.

पोर वाढली. चौदा महिन्यांची झाली. बोलायची गोड, रांगायची भिंगरीसारखी. पण उभी राहीना! धरून उभी केली की गुडघे दुमडायची आणि मट्कन खाली. डॉक्टर म्हणाले, "लवकर जन्मलेली मुलं थोडी उशिरा चालतात. अठरा-वीस महिने वाट बघू. पाय चांगले आहेत." ऐकलं सगळ्यांनी. पण ऐकणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं!

आणि घरात होत्या माई. केतकीच्या सासूबाई, इंदिराबाई. पाठ ताठ, नऊवारी स्वच्छ, आवाज खणखणीत. त्यांनी काय केलं? डॉक्टरांच्या जिन्यातच पदर पसरला आणि बोलून टाकलं — "देवा, माझी नात तिच्या पायांनी चालू दे. चातुर्मासात तुला प्राजक्ताची लाखोली वाहीन!"

लाखोली म्हणजे काय, पोरांनो? लाख फुलं! अंदाजे नाही, मोजून! रोज आठशे-नऊशे फुलं वेचायची, चार महिने. पहिल्या दिवशी माईंनी शंभर फुलं एकेक करून मोजली, ती एका वाटीत भरली, आणि मग पुढे वाटीनं मोजायला लागल्या. श्रीरंग म्हणाला, "माई, वाटीत दोन-चार इकडे-तिकडे होतील." माई म्हणाल्या, "म्हणून रोज एक वाटी जास्तीची वाहते. देवाशी घासाघीस करायची सवय तुझी, माझी नाही!"

आणि प्राजक्तच का? मंडळी, जमिनीवर पडलेलं फूल आपण देवाला वाहत नाही. जास्वंद पडली तर गेली. मोगरा पडला तर गेला. एक प्राजक्त तेवढा असा, की जो मातीवर पडतो, मातीवरून उचलला जातो आणि देवाच्या मस्तकावर चढतो! हे लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

तर आषाढातल्या एकादशीला लाखोली सुरू झाली. पहाटे माई आणि केतकी अंगणात, ओंजळीनं वेचतायत. रेवा चटईवर बसून एकेक फूल तोंडात घालतेय, केतकी एकेक काढतेय. पूजा झाली की आदल्या दिवशीची फुलं उतरवायची. मग माई स्वयंपाकघराच्या दारामागे हात घालायच्या. तिथं काय असतं? सांगा! हसता काय, तुमच्याही दारामागे तेच लटकलंय — पिशव्यांची पिशवी! एका पिशवीत कोंबलेल्या शंभर पिशव्या! त्यातली साडीच्या दुकानाची एक चांगली पिवळी पिशवी माई निवडायच्या. देवाची फुलं ना, मळकी पिशवी कशी चालेल? फुलं आत भरायची, घट्ट दुहेरी गाठ मारायची, आणि वर लाल दोरा बांधायचा. म्हणजे कुणाचा पाय लागू नये, कुणी कचरा समजू नये.

मग ती पिशवी श्रीरंगच्या स्कूटरच्या हुकाला. श्रीरंग ऑफिसला निघाला की वाटेत पूल. पुलावर स्कूटर थांबवायची का? छे! मागून बस येतेय! चालत्या गाडीवरून पिशवी भिरकावली, एक हात छातीशी नेला, हॉर्न वाजवला, पुढे! मंडळी, हे विसर्जन की पार्सल? पण माईंना काय ठाऊक! त्या घरात देवापुढे हात जोडून बसलेल्या — 'वाहत्या पाण्याला मिळाली गं बाई फुलं.'

असे दोन महिने गेले.

भाद्रपदातली एक दुपार. गणपती होऊन गेले होते, ऊन पडलं होतं. केतकी रेवाला घेऊन खालच्या घाटावर गेली. तिथं बदकं येतात. पोर बदकं बघून उभी राहील, एवढीच तिची लबाडी! पायरीवर बसली, पोरीला मांडीवर धरलं. "रेवा, ते बघ बदक!" रेवानं बदकाकडे बघितलंच नाही. तिनं बोट दाखवलं दुसरीकडेच — "फू! फू!" तिच्या भाषेत फू म्हणजे फूल.

केतकीनं तिकडे बघितलं. काठावर एक उंबर आहे, त्याची मुळं पाण्यात उतरलीत. आणि त्या मुळांत अडकल्या होत्या पिशव्या. निळ्या, पांढऱ्या, हिरव्या, फुगलेल्या, पाण्यावर डोलणाऱ्या. जणू मुळांना फळं लागलीत! आणि त्यात एक पिवळी. साडीच्या दुकानाची. वर लाल दोरा.

केतकी ताडकन उठली! तिनं रेवाला वरच्या पायरीवर फुगे विकणाऱ्या बाईंजवळ बसवलं — "ताई, दोन मिनिटं बघाल?" — आणि काठीनं ती पिशवी ओढली. दोरा तोडला. दुहेरी गाठ नखांनी सोडवली. आणि उघडली...

मंडळी, प्राजक्ताचा वास तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे अंगणात गेलं की जीव हलका होतो, असा वास. त्या पिशवीतून आला, तो वास मी इथं देवासमोर सांगणार नाही. आत काळा चिखल होता. एक पाकळी ओळखू येत नव्हती. महिनाभर ती पिशवी नदीत होती — आणि नदीचा एक थेंब त्या फुलांना लागला नव्हता! गाठच तशी होती ना! माईंची गाठ!

केतकी ती पिशवी घेऊन घरी आली. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी अशी लांब धरलेली. बाल्कनीत माई वाती वळत बसल्या होत्या. केतकीनं पिशवी पुढे ठेवली.

माईंनी दोरा ओळखला. आपल्या हातचा दोरा बाई ओळखतेच. म्हणाल्या, "हे कुठलं?"

"खालच्या घाटावर. उंबराच्या मुळात. आणखी पुष्कळ आहेत, माई."

"म्हणजे..." माईंच्या हातातली वात गळून पडली. "म्हणजे माझी फुलं पाण्याला लागलीच नाहीत?"

"गाठ घट्ट होती, माई."

"अगं, ती सांडू नयेत म्हणून मारली होती गं!"

थांबवा जरा तबला. हे वाक्य पुन्हा ऐका. सांडू नयेत म्हणून मारली होती! किती श्रद्धेनं केली हो ती चूक! आळसानं केली असती तर रागावता आलं असतं. ही चूक भक्तीनं केली होती. अशी चूक दाखवायची कशी आणि सुधारायची कशी?

मग माई म्हणाल्या, "उद्यापासून पिशवी नको. नुसती फुलं ओतायला सांग श्रीला."

केतकी रेवाचे पाय चोळत होती. खाली बघूनच म्हणाली, "माई, रागावू नका. सगळं गाव ओततं. फुलं पाण्यात कुजायला लागली की पाण्यातला श्वास खातात. मग माशांना श्वास पुरत नाही. घाटावर मी बघितलं, मासे तोंड वर काढून..." तिचं बोट आपोआप रेवाच्या नाकाखाली गेलं. कळलं ना तुम्हाला? जिनं काचेच्या पेटीबाहेर उभं राहून श्वास मोजले, तिला माशाची धाप बघवली नाही!

माईंनी ते बोट बघितलं. म्हणाल्या, "मग काय करायचं म्हणतेस? देवाचं फूल कचऱ्यात टाकू?"

"कचऱ्यात नाही, मातीत. त्याचं खत होतं. माई, सगळी फुलं आपण झाडावरून घेतो. प्राजक्त तेवढा मातीवरून उचलतो. जे फूल देवाकडे मातीवरूनच आलं, ते देवाकडून मातीत परत गेलं, तर त्यात विटाळ कसला?"

बी.एस्सी. झालेली सून! पण बघा, उत्तर विज्ञानाचं नाही दिलं. सासूच्या देवघरातलंच दिलं!

माईंनी रेवाच्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "कर. पण केतकी... ही लाखोली रेवासाठी आहे. तिच्यावर काही..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. ते अर्धं वाक्य केतकीच्या छातीत रुतलं. कारण बी.एस्सी. झाली म्हणून आईच्या मनातली भीती थोडीच पदवी घेऊन निघून जाते?

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात जुनं निळं पिंप आलं. केतकीनं त्याला भोकं पाडली, विटांवर ठेवलं, फुलं टाकायला लागली. आणि पहिल्या मजल्याची खिडकी उघडली! खिडकीत कोण? प्रमिलाकाकू दाबके! सोसायटीच्या अध्यक्षा! नाक असं, की तिसऱ्या मजल्यावर कांदा चिरला तरी खाली शिंकतील.

"काय गं केतकी, नवीन पिंप?"

"निर्माल्याचं खत करतेय, काकू."

"देवाच्या फुलांचं खत! अरे वा! आमच्या वेळी सुना फुलवाती करायच्या, आता फुलांची माती करतात. माई, वरून लक्ष आहे ना तुमचं? नवसाची फुलं आहेत हो! बाळावर नको बेतायला!"

लागलं! नेमकं तिथंच लागलं! केतकी हसली, रेवाला उचललं, घरात गेली आणि दार लावून रडली. आणि दुसऱ्या दिवशी परत फुलं टाकली. बाई भित्री होती मंडळी, पण हट्टी होती. भित्रं माणूस हट्टी झालं की त्याला कुणी हलवू शकत नाही!

आता ऐका, काय झालं ते. माझं आख्यान आहे म्हणून सगळं सुरळीत होणार, असं वाटतंय ना? नाही झालं! केतकी रोज टोपलीभर ओली फुलं पिंपात दाबून भरायची आणि वर झाकण गच्च लावायची. वास येऊ नये म्हणून. दहाव्या दिवशी वास आला. बाराव्या दिवशी चिलटं आली. चौदाव्या दिवशी झाकण उघडलं तर अळ्या वळवळतायत! आणि प्रमिलाकाकूंचं नाक — ते तर पहिल्या दिवसापासून तयारच होतं! नोटीस लागली जिन्यात. 'रविवारच्या मीटिंगपूर्वी मागील अंगणातील पिंप हलवावे.' खाली सही. सहीखाली पुन्हा रेघ!

आणि त्याच दिवशी — मंडळी, त्याच दिवशी — रेवाला ताप भरला.

जिन्यात काकू भेटल्या. नुसती मान हलवली. मान हलवणं कधीकधी बोलण्यापेक्षा वाईट असतं हो!

डॉक्टरांनी घसा बघितला. "साथ आहे. गल्लीत सहा मुलं आलीत आज. तीन दिवसांत उतरेल." केतकीनं औषध आणलं, मापून दिलं, पोरीला झोपवलं. बोट नाकाखाली धरलं. श्वास गरम लागला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली. दारामागच्या पिशव्यांच्या पिशवीत हात घातला. पिवळी पिशवी काढली. आजची फुलं तिच्यात भरली. तिला सगळं कळत होतं. घसा म्हणजे घसा, पिंप म्हणजे पिंप. पण पोर तापानं फणफणलेली असताना कुठली आई असं म्हणेल, की असू दे, मी धोका पत्करते? तिनं पिशवीची टोकं धरली. गाठ मारणार... तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करतेस?"

दारात माई!

"माई, मी... मीटिंग आहे ना रविवारी. आणि रेवाला..."

माई आत आल्या. सुनेच्या हातातली पिशवी काढून घेतली, फुलं परत परडीत ओतली. म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले?"

"घसा."

"मग घशाला औषध दे. पिंपाचा त्यात काय संबंध? आणि वास येतोय, तो देव कोपला म्हणून नाही येत. तू चुकलीस म्हणून येतोय!"

वा! टाळी हवी इथं! वाजवा!

"मी चुकले?"

"मग? मी पंधरा दिवस बघतेय वरून. नुसतं ओलं-ओलं कोंबतेस आणि वर झाकण ठोकतेस. माझ्या माहेरी गोठ्यामागे उकिरडा होता. माझी आई एक थर ओला, एक थर सुका घालायची, आणि आठवड्यातून एकदा खालवर करायची. उकिरड्यालाही श्वास लागतो, बाळ!"

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

माईंनी परडी खाली ठेवली. म्हणाल्या, "देवाच्या फुलाला उकिरड्याचं ज्ञान लावायचं म्हणजे... मला लाज वाटली गं. पण तू रोज भीत-भीत फुलं टाकत राहिलीस. तुझी भीती बघून माझी लाज पळाली!"

आणि मंडळी, ती नऊवारीतली, सोवळ्याची, ताठ पाठीची बाई काठी घेऊन खाली उतरली! श्रीरंग जिन्यात भेटला. "माई, कुठं?" — "पिंपात!" तो बिचारा तिथंच उभा राहिला!

फाटकाशी झाडलोट करणाऱ्या हौसाबाई बदामाच्या पानांचा ढीग घालून काडी ओढत होत्या. रोज जाळायच्या. रोज बारा घरांत धूर, रोज बारा घरांत खोकला, आणि रोज काकू म्हणायच्या — 'हवा बिघडलीय हो हल्ली!' माई ओरडल्या, "हौसा, थांब! काडी विझव! पानं मला दे!"

"माई, कचरा हाय तो."

"तुझ्यासाठी कचरा. माझ्या पिंपाचं ते औषध आहे!"

पिंप आडवं केलं, रिकामं केलं. खाली सुक्या पानांचा जाड थर. मग फुलं थोडी. मग पुन्हा पानं. दोन मुठी अंगणातली माती, वाटीभर आंबट ताक शिंपडलं. देवांच्या हारांतले दोरे, जरी, थर्माकोलचे मणी वेगळे काढले. झाकण ठोकणं बंद, वर पोतं. आणि माईंनी काठीनं खालवर केलं. पहिल्या दिवशी केतकी नाकाला पदर लावून उभी. दुसऱ्या दिवशी पदर खाली. तिसऱ्या दिवशी रेवाचा ताप उतरला, आणि पिंपाला चढला! खरंच सांगते, हात लावला तर पिंप गरम! केतकी घाबरली. माई म्हणाल्या, "याला ताप यायलाच हवा. हा ताप आला म्हणजे आत काम चाललंय!"

रविवारी मीटिंग. मागच्या अंगणातच खुर्च्या मांडल्या. म्हणजे पुरावा जवळ! काकू उभ्या राहिल्या. "मंडळी, हा जो असह्य वास..." आणि थांबल्या. वास घेतला. पुन्हा घेतला. नाकानं दगा दिला! "वास कुठंय?"

माई म्हणाल्या, "शोधा की!"

काकू पिंपाशी गेल्या. पोतं बाजूला केलं. वाकल्या. आणखी वाकल्या. आणि चष्मा पडला आत! सगळी सोसायटी उठून उभी! काकू एका हातानं पिंप धरून, दुसऱ्यानं हवा चाचपत, "माझा चष्मा! माझा चष्मा!" माईंनी शांतपणे कोपरापर्यंत हात आत घातला, चष्मा काढला, पदरानं पुसला, काकूंच्या नाकावर ठेवला. आणि तोच हात त्यांच्या नाकाजवळ धरला.

"घ्या वास."

काकूंनी घेतला. ओल्या रानाचा वास! दुसरं काही नाही.

नोटीस काढली हो जिन्यातली. कुणी काढली, विचारू नका. पण काकूंचं निर्माल्य? ते मात्र पुलावरूनच जात राहिलं. पिशवीतून. माणूस हरतो लवकर, वाकतो उशिरा! बाकी दहा बिऱ्हाडं मात्र एकेक करून आली. आधी निर्माल्य घेऊन आली, मग भाजीची सालं, मग चहाचा चोथा. कोपऱ्यात दुसरं पिंप आलं. बदामाचं पान जळायचं बंद झालं. आणि दारामागची पिशव्यांची पिशवी रोडावली, कारण माईंनी जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून घरोघरी वाटल्या — 'बाजारात जाताना ही न्या, म्हणजे घरात ती येणार नाही.'

असा दीड महिना गेला. कार्तिक उजाडला. लाख फुलं पुरी झाली! लाखोलीची सांगता. मागच्या अंगणात रांगोळी, पाटावर देव. माईंनी बायकांना बोलावलं. बायका कुजबुजल्या, "वाण काय देणार? प्लास्टिकचे डबे देतील बहुतेक!" माईंनी पिंप आडवं केलं. आतून काय निघालं? काळीभोर, मऊ, चहाच्या पत्तीसारखी मोकळी माती! प्रत्येकीला एक मातीची कुंडी, त्यात ते खत, त्यात तुळशीचं रोप. आणि उरलेलं सगळं खत माईंनी प्राजक्ताच्या बुंध्याशी पसरलं. गादीसारखं!

पहाटेची फुलं अजून गळत होती. केतकीनं रेवाला त्या काळ्या मातीवर बसवलं. पांढरं परकर-पोलकं, काळी माती. समोर तीन पावलांवर एक फूल पडलं. रेवानं बघितलं. "फू!" पुढे झुकली. रांगणार... आणि रांगली नाही! तिनं बुंध्याला हात लावला. गुडघे लटपटले. सरळ झाले. पोर उभी राहिली!

केतकी धावली. हात पुढे! दीड वर्ष जे हात कधी सुटले नाहीत, ते हात! तेवढ्यात माई हळूच म्हणाल्या, "धरू नकोस."

काय सांगता माई? पडेल ती!

"खाली माती मऊ आहे. धरू नकोस."

आणि केतकीनं काय केलं? आपलेच दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते! रेवानं बुंधा सोडला. एक पाऊल. सगळी बिल्डिंग श्वास रोखून! दुसरं पाऊल. डुगडुगली... सावरली. तिसरं! वाकली, फूल उचललं, आणि — तोंडात घातलं!

वाजवा हो वाजवा! टाळ, मृदंग, टाळ्या, सगळं वाजवा!

आता कुणी म्हणेल, नवस फळला. कुणी म्हणेल, डॉक्टरांनी अठरा महिने सांगितलेच होते, हिशोब बरोबर आला. मला भांडायचं नाही. मी तुम्हाला एवढंच विचारते — ती पोर पहिली तीन पावलं कशावर चालली? त्या मातीवर! आणि ती माती कशाची होती? तिच्याच नावानं वाहिलेल्या फुलांची! आजीनं देवाला फुलं दिली, देवानं ती मातीकडे दिली, मातीनं ती पोरीच्या पायाखाली अंथरली! पोचली का लाखोली? बोला! पोचली की नाही?

आणि मग मागून कुणीतरी पुढे आलं. प्रमिलाकाकू. हातात पिशवी. निळी, फुगलेली, दुहेरी गाठ. पुलावर निघाल्या होत्या. नखांनी गाठ सोडवायला लागल्या. सुटेना. दातांनी ओढली. सुटेना! माई जवळ गेल्या. "द्या इकडे. तुमची गाठ माझ्या गाठीपेक्षा घट्ट हो, प्रमिलाबाई!" दोघी हसल्या, आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी. केतकीनं काकूंचे हात धरले, तिघींनी मिळून गाठ सोडली, आणि काकूंची फुलं मोकळी होऊन नव्या पिंपात पडली. काकू म्हणाल्या, "पिशवी धुऊन परत वापरीन हं मी!" अध्यक्षा शेवटी अध्यक्षाच!

तर मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तुम्हाला? फूल न पोचण्याची चूक देवाची नव्हती, नदीची नव्हती, फुलाचीही नव्हती. मधे एक गाठ होती. आणि ती आपल्याच हातांनी मारलेली होती. चांगल्या मनानं मारलेली, म्हणून तर दिसत नव्हती!

आता तुमच्याकडे वळते. खाली बघू नका! तुमच्या गावाला नदी आहे. तिच्या काठाला झाड असेल. त्या झाडाच्या मुळांत तुमची पिशवी असेल. कुणी ओळखेल का ती? तुम्ही ओळखाल. आपल्या हातची गाठ माणूस ओळखतोच. आज घरी जाल, दारामागे हात घालाल, तेव्हा केतकी आठवा. भीती वाटली तरी चालेल. चुकलं, वास आला, तरी चालेल. सुकी पानं घाला, खालवर करा, पुन्हा करा. घरात कुणी माई असेल तर तिला विचारा, तिला ठाऊक असेल, फक्त लाज वाटत असेल. आणि घरातलं कुणी पहिलं पाऊल टाकत असेल, तर त्याच्या पायाखाली काय अंथरून ठेवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हा हार? सुरुवातीला विचारलं होतं ना, उद्या कुठं जाणार? उद्यापर्यंत कशाला थांबायचं! हा बघा, काढला गळ्यातून. ही जरी ओढली, ही वेगळी. हे मणी वेगळे. हा दोरा तोडला. तबलेवाले, ती परडी सरकवा इकडे. ही फुलं या परडीत. मंदिरामागे सुक्या पानांचा ढीग मी येतानाच बघून ठेवलाय, आणि तिथं एक पिंपही रिकामं पडलंय!

परडी आता दाराशी ठेवते. देवळाबाहेर तुमच्या चपलांशेजारी, सायकलींच्या हँडलला, गाड्यांच्या हुकाला ज्या पिशव्या लटकतायत ना, त्या घेऊन या. आज हरिनामाचा गजर असा करू — टाळी हातांनी नंतर वाजवा, आधी त्याच हातांनी गाठी सोडा.

उठा. माझा हार पहिला पडलाय. दुसरं फूल कुणाचं?